नकाशावरचा नंबर आपलाच आहे ना?

गोव्यात मोरजीला तू पर्यटकांसाठी खोल्या काढल्यास, झकास. पण गुगल मॅप्सवरची नोंद आधी स्वतःच्या ताब्यात घे. बेवारस नोंदीवर कोणीही दावा ठोकतो. ताब्यात असली तरी 'बदल सुचवा'मधून परका माणूस फोन नंबर बदलायला सुचवू शकतो. मग पर्यटक ॲडव्हान्स भरतो भलत्यालाच आणि बॅगा घेऊन उभा राहतो तुझ्या दारात. शिव्या तुलाच. सीझनमध्ये दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपलं नाव शोधून नंबर लावून बघत जा. नोंदीची मालकी मागणारा ईमेल आला तर लगेच नकार दे. ३ दिवस गप्प बसलास तर समोरच्याची वाट मोकळी होऊ शकते. 'गुगलमधून बोलतोय' म्हणत कोड मागणाऱ्याचा फोन सरळ ठेव. वेबसाइट करणाऱ्या पोराला नोंदीचा मॅनेजर कर, मालक नव्हे. कोणा पाहुण्याचे पैसे गेलेच, तर त्याला ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायला सांग.