वर्तुळातली रेघ कुणाला काय सांगते?

प्रश्न : मी फार्मसिस्ट आहे. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या पाकिटावर वर्तुळात गरोदर बाईचं चित्र आणि त्यावर तिरकी रेघ असते. परवा एक तरुणी ते बघून म्हणाली, "म्हणजे याने दिवसही राहणार नाहीत, बरं झालं." मी हादरलेच. इतकं स्पष्ट चित्र तिने उलटं कसं वाचलं? चूक तिची की चित्राची?

उत्तर : तिची नाही, हे आधी सांगते. तुम्हाला माहीत असलेलं सगळं बाजूला ठेवून ते चित्र पुन्हा बघा. गोळ्यांचं पाकीट, पोट दिसणारी बाई, वर रेघ. 'गरोदर असाल तर ही गोळी घेऊ नका' हा अर्थ त्यात जितका बसतो, तितकाच 'ही गोळी घेतली तर गरोदर राहणार नाही' हाही बसतो. 'जर' आणि 'तर' रेषेने काढता येत नाहीत. या औषधाने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, म्हणून तुम्ही बरोबर वाचता. अमेरिकेत अशाच इशाऱ्याच्या चिन्हाचा अर्थ बायकांना विचारला गेला, तेव्हा तिथेही अनेकींनी ते गर्भनिरोधकाचं पाकीट समजलं होतं.

मी तीस वर्षं सूचनांची चित्रं काढली. डोळ्यांच्या औषधाच्या एका पत्रकासाठी मी उघडा डोळा आणि त्याजवळ एक थेंब काढला होता. एका आजोबांनी ते औषध डोळ्यांतून पाणी आलं तरच घातलं. थेंब आत चाललाय की बाहेर पडतोय, हे माझ्या चित्रात नव्हतंच! त्यांचे कितीतरी डोस चुकले. मला ते अजून सलतं.

म्हणून जैवधोक्याच्या, म्हणजे रोगजंतूंपासूनच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या चिन्हाबद्दल मला फार आदर आहे. डाऊ केमिकल कंपनीतल्या चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ते केलं, तेव्हा लक्षात राहील पण स्वतःचा कुठलाच अर्थ नसेल असा आकार त्यांना हवा होता. बघणाऱ्याच्या मनात आधीचा अर्थ नसला, की नवा शिकवता येतो. अर्थात, शिकवावा लागतोच. किरणोत्सर्गाचं तीन पात्यांचं चिन्ह १९४६ साली अमेरिकेत बर्कलेला काढलं गेलं. ज्याला कुणी ते शिकवलंच नाही, त्याला त्यात पंखा दिसतो. शेवटी २००७ मध्ये सगळ्यांत धोकादायक किरणोत्सर्गी स्रोतांसाठी जोडीला नवं चिन्ह आलं. त्यात लाल पार्श्वभूमीवर किरण, कवटी आणि पळणारा माणूस आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते आधी ११ देशांतल्या १,६५० लोकांना दाखवून पाहिलं. मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे दाखवून पाहणं.

तुमच्या हाती पाकिटावरचं चित्र बदलणं नाही, पण विचारणं आहे. "समजलं का?" असं विचारू नका, त्यावर सगळे मान हलवतात. "हे चित्र तुम्हाला काय सांगतंय?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मग त्या माणसाच्या भाषेत एक ओळ पाकिटावर लिहून द्या. वाचता येत नसेल तर तीच ओळ तोंडी सांगून त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्या. आणि त्या तरुणीला कृपा करून पुन्हा गाठा. गोळ्या सुरू असताना ती गर्भनिरोधनासाठी यांच्यावरच विसंबून राहिली, तर अनर्थ होईल. तिच्या डॉक्टरांनाही कळवा.

प्रश्न : नातू जपानमध्ये शाळेत जातो. त्याच्या गणिताच्या वहीचा फोटो आला. जवळजवळ प्रत्येक उत्तरावर बाईंनी लाल गोल केलाय, बरोबरची खूण एकाच ठिकाणी आहे. आम्ही दोघंही फोनवर त्याला रागावलो. तो गप्पच झाला. एवढा कच्चा कसा राहिला?

उत्तर : कच्चा नाही हो! जपानी शाळेत गोल म्हणजे बरोबर. आपण जिला बरोबरची खूण म्हणतो, ती तिथे चुकलेल्या उत्तरावर करतात. त्याचं एकच गणित चुकलंय. तो गप्प झाला, कारण आजी-आजोबा कशासाठी रागावले हेच त्याला कळलं नसणार. आजच फोन करा, आणि कुठली खूण कशाची ते त्यालाच तुम्हाला शिकवू द्या.