नव्या डीआय लाइनला बेंडपाशी काँक्रीटचा ब्लॉक द्यावा की रिस्ट्रेन्ड जॉइंट घ्यावेत?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. नेरूळला पाम बीचच्या बाजूची सोसायटी, आग विझवण्याच्या हायड्रंटची जमिनीखालची जुनी एमएसची (साध्या पोलादाची) रिंग लाइन गंजून गळायला लागली, म्हणून 150 मिमीची डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाची) लाइन टाकायचं ठरलं. एक कंत्राटदार प्रत्येक बेंडला, म्हणजे वळणाच्या तुकड्याला, काँक्रीटचा ब्लॉक ओतू म्हणतो. दुसरा म्हणतो रिस्ट्रेन्ड जॉइंट, म्हणजे ओढ आली तरी न सुटणारे सांधे घ्या, ब्लॉक नकोत, पण त्याचा दर जास्त आहे. आणि तुमचा प्लंबर म्हणतो की जुन्या लाइनला यातलं काहीच नव्हतं, मग आता कशाला?

आधी प्लंबरचं बोलणं घेतो, कारण ते वरवर बरोबर वाटतं. जुनी लाइन वेल्डिंगची होती. वेल्ड केलेला सांधा ओढ सोसतो, म्हणून बेंडपाशी पाण्याचा रेटा आला तरी सगळी लाइन एका तुकड्यासारखी धरून राहायची. डीआयचा नेहमीचा पुश-ऑन जॉइंट वेगळा. त्यात स्पिगॉट (पाइपचं साधं टोक) सॉकेटमध्ये (पुढच्या पाइपच्या रुंद तोंडात) नुसता सारलेला असतो, मध्ये रबर रिंग. पाणी गळू न देण्याचं काम ती रिंग चोख करते, पण पाइप मागे सरकायला लागला तर त्याला अडवणारं तिथे काही नाही. सरळ लाइनीत हे चालतं. बेंड, टी (फाटा), बंद केलेला व्हॉल्व्ह, एंड कॅप (टोकाचं झाकण), रिड्यूसर (व्यास कमी करणारा तुकडा), जिथे पाण्याला वळावं किंवा थांबावं लागतं तिथे चालत नाही.

रेटा किती, ते तुमच्याच पाइपवर काढू. 150 मिमी डीआयचा बाहेरचा व्यास 170 मिमी असतो आणि हिशोब बाहेरच्या व्यासावर करायचा. 150 धरलात तर उत्तर एक पंचमांशाहून जास्त कमी येतं. ही चूक मी कंत्राटदारांच्या कागदांत वारंवार पाहिली आहे. चाचणीचा दाब 10 किलो प्रति चौ. सेंमी धरला तर बंद टोकावर सुमारे 2.3 टन, 90 अंशाच्या बेंडवर 3.2 टन, 45 च्या बेंडवर 1.7 टन रेटा येतो. लक्षात घ्या, रोजच्या दाबावर नाही, चाचणीच्या दाबावर काढायचं. शिवाय फायर पंप एकदम सुरू होतो, एकदम बंद पडतो, आणि प्रत्येक वेळी लाइनीत हिसका बसतो.

आता ब्लॉक. ब्लॉक स्वतःच्या वजनाने बेंड धरतो असं पुष्कळांना वाटतं. आडव्या बेंडला त्याचं खरं काम वजनाचं नाही. बेंडचा रेटा पसरून मागच्या न खणलेल्या मातीवर नेऊन टाकणं, एवढंच तो करतो. म्हणजे जोर मातीचा. मुरूम किंवा खडक असेल, तर घणसोली-ऐरोलीला पारसिकच्या पायथ्याशी लहानसा ब्लॉकही पुरतो. तुमच्याकडे खाडीकाठचा भराव आणि त्याखाली मऊ चिकणमाती. मऊ चिकणमातीला ढोबळमानाने चौरस मीटरला 5 टन धरतात, निव्वळ गाळाला शून्य. 3.2 टनांवर दीडपट सुरक्षितता घेतली तर जवळजवळ 1 चौरस मीटरचा चेहरा लागतो. तो उभा-आडवा कसाही करून चालत नाही: ब्लॉकची उंची, जमिनीपासून ब्लॉकच्या तळापर्यंतच्या खोलीच्या निम्म्याहून जास्त नसावी. तळ 1.2 मीटरवर असेल तर उंची 60 सेंमी, आणि मग रुंदी 1.6 मीटरच्या वर. 90 च्या प्रत्येक बेंडला. तुमच्या कंपाउंडच्या कडेला गॅसची लाइन, विजेची केबल आणि पावसाळी गटार असणारच. त्यातून दीड मीटरचा काँक्रीटचा ठोकळा कुठे बसवणार? आणि बसवला, तरी त्याच्यामागची माती जेसीबीने आधीच उकरलेली असते. उकरून परत भरलेल्या मातीवर टेकवलेला ब्लॉक पहिल्या चाचणीतच सरकतो.

ब्लॉकवरचा माझा विश्वास कोपरखैरणेला उडाला. मी तेव्हा पाइप टाकण्याच्या कामावर देखरेखीला होतो. 300 मिमीची लाइन, 90 चा बेंड, ब्लॉक मी स्वतः उभं राहून ओतून घेतलेला, चाचणी पास, काही वर्षं एक थेंब गळती नाही. मग कुणीतरी केबलसाठी बरोबर ब्लॉकच्या पाठीशी चर खणला आणि सैल मुरूम टाकून बुजवला. जुलैत पाऊस लागला, तो मुरूम बसला आणि एका पहाटे बेंड सॉकेटमधून बाहेर आला. लाइनीत दाब होता जेमतेम 3 किलो, पण 300 च्या बेंडवर तेवढ्यानेही साडेतीन टन रेटा येतो. रस्ता खचला, दोन दिवस त्या भागात टँकर फिरले. ब्लॉकमध्ये दोष नव्हता. ज्या मातीवर तो टेकला होता ती राखणं कुणाच्याच हातात नव्हतं. तेव्हापासून खाडीकाठच्या आणि दाटीच्या जागी मी रिस्ट्रेन्ड जॉइंटच सुचवतो.

त्यात होतं काय, तर सांधाच ओढ सोसतो. एका प्रकारात स्पिगॉटवर कारखान्यातच वेल्डचा उंचवटा केलेला असतो आणि सॉकेटमध्ये अडकणारी लॉकिंग रिंग त्याला बाहेर येऊ देत नाही. दुसऱ्यात रबर रिंगमध्येच स्टीलचे दात बसवलेले असतात; पाइप मागे सरकू लागला की ते त्याच्या अंगात रुततात. तिसऱ्यात बाहेरून ग्लँड (पाइपभोवतीची कडी) बसवून पाचरीसारखे तुकडे बोल्टने आवळतात. सोसायटीच्या कामात पाइप जागेवर कापावा लागतो, आणि कापला की वेल्डचा उंचवटा गेला. त्या तुकड्यांसाठी दातांची रिंग किंवा ग्लँडच लागेल, हे कंत्राटदाराला आत्ताच विचारून ठेवा.

पण फक्त बेंडचे दोन सांधे रिस्ट्रेन्ड केले की झालं, असं नाही. बेंडच्या दोन्ही बाजूंना ठरावीक लांबीपर्यंतचे सगळे सांधे रिस्ट्रेन्ड लागतात, म्हणजे तेवढा पाइप मातीच्या घर्षणाने रेटा पेलतो. ही लांबी दाब, व्यास, माती आणि पाइपवरच्या भरावावर ठरते. एंड कॅप आणि बंद व्हॉल्व्हला ती बेंडपेक्षा जास्त लागते, कारण तिथे मागून आधार देणारी माती नसते, फक्त घर्षण. तुमच्या खाऱ्या मातीत डीआयवर पॉलिथिनची स्लीव्ह चढवावीच लागेल, नाहीतर काही वर्षांनी गंजाची तक्रार परत. पण स्लीव्हमुळे घर्षण घटतं आणि लांबी वाढते. दुसऱ्या कंत्राटदाराने ही लांबी मीटरमध्ये लिहून दिली आहे का? नसेल तर आधी ती मागा. पाइप 5.5 किंवा 6 मीटरचे असतात, म्हणजे किती सांधे ते तुम्हीच मोजू शकाल. दर जास्त वाटतो तो सगळ्या लाइनीला रिस्ट्रेन्ड लावल्याचा आहे की फक्त लागतील तेवढ्या सांध्यांचा, हेही त्यातून कळेल. मधली सरळ लाइन साध्या पुश-ऑनवर ठेवता आली तर खर्च बराच उतरतो.

काम सुरू झाल्यावर रोज एकाने तरी चराशेजारी उभं राहावं. दातांची रिंग आणि साधी रिंग लांबून सारखीच दिसतात आणि सांधा बसल्यावर आत कोणती गेली ते कळत नाही. बसवण्याआधी प्रत्येक रिंगेचा फोटो घ्या, बोटाने दात चाचपा. कापलेल्या टोकाला घासून उतार दिला नाही तर रबर चिरतं. वंगण पाइपसोबत आलेलंच वापरा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही, त्याने रबर खराब होतं. आणि घाईत राहून जाणारी गोष्ट: सांधा बसवला की पाइप उलटा ओढून लॉकमधली ढील काढायची. ही ढील तशीच राहिली तर दाब येताच प्रत्येक सांधा थोडा थोडा ताणतो आणि ते सगळं सरकणं बेंडपाशी येऊन जमा होतं.

एसटीपीकडून (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडून) जाणाऱ्या लाइनीचंही तुम्ही विचारलंत. उताराने वाहणाऱ्या लाइनीत दाब नसतो, तिथे साधे सांधे पुरतात. पंपाने ढकलणारी लाइन असेल तर वरचं सगळं तिलाही लागू, आणि पाइपला आतून हाय अॅल्युमिना सिमेंटचं अस्तर मागा. साधं सिमेंट मैल्याच्या वायूतून होणाऱ्या आम्लाने खाल्लं जातं.

चाचणीच्या दिवशी लाइन सावकाश भरा, उंच जागी हवा काढायची सोय ठेवा. हवेच्या कॉम्प्रेसरने चाचणी करू म्हणाले तर थांबवा. दाबलेली हवा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद साठवते. सांधे उघडे ठेवून पाइपच्या मधल्या भागावर मात्र माती हवीच, कारण घर्षणाशिवाय रिस्ट्रेन्ड लाइनही सरकते. एंड कॅपच्या समोर कुणालाही उभं राहू देऊ नका. सोसायटीत मुलं पाइप बघायला येतातच, तेव्हा त्या बाजूला आधीच दोरी बांधून एक माणूस बसवा, आणि दाब पूर्ण उतरेपर्यंत त्याला तिथून हलवू नका.