आधी गढूळ, मग स्वच्छ: जुन्या घरांतल्या नळांचे प्रश्न

उन्हाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत जुन्या घरांची पत्रं वाढतात. या वेळी नागपुरातल्या महालपासून लक्ष्मीनगरपर्यंतची आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या घरात माणसं आजारी पडली आहेत.

प्रश्न: आमचं घर महालात, आजोबांच्या वेळचं. सकाळी नळ आला की पहिली पाच-सात मिनिटं पाणी गढूळ येतं, नालीसारखा वास येतो. मग स्वच्छ होतं. शेजारी असं होत नाही. महिन्याभरात घरात दोघांना कावीळ झाली. पाणी कमी येतं म्हणून आम्ही नळावर टिल्लू पंप लावतो. फिल्टर बदलावा का?

फिल्टरचं नंतर बघू. आजपासून पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी खळखळ उकळून घ्या आणि टिल्लू काढून ठेवा. दूषित पाण्यातून ए आणि ई अशा दोन्ही प्रकारची कावीळ पसरते. घरात कोणी गरोदर असेल तर ई प्रकार तिच्या जिवावर बेतू शकतो. तेव्हा डॉक्टरांना पाण्याबद्दल आवर्जून सांगा.

आता कारण. शेजारी पाणी चांगलं येतं, म्हणजे रस्त्यातली मोठी लाइन ठीक आहे. तुमच्याकडे फक्त सुरुवातीला घाण येते आणि मग थांबते, म्हणजे नळ गेलेला असताना घाण आत शिरते. बिघाड मोठ्या लाइनपासून तुमच्या उंबऱ्यापर्यंतच्या तुमच्या स्वतःच्या जोडणीत आहे. महाल-इतवारीच्या जुन्या गल्ल्यांत ही अर्ध्या इंचाची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) लाइन बहुतेक वेळा नाली ओलांडून येते, कधी कधी तर हातभर नालीतूनच चालते. पाइपाला भोक पडलं की पाणी सुरू असताना त्यातून पाणी बाहेर जातं आणि नळ गेल्यावर तेच भोक नालीचं पाणी आत ओढतं. टिल्लू लावला की हे ओढणं कितीतरी पट वाढतं, कारण मोठ्या लाइनमध्ये पुरेसं पाणी नसेल तर पंप जिथून मिळेल तिथून ओढतो. थेट नळावर पंप लावायला बंदी आहे ती फक्त शेजाऱ्यांचं पाणी पळतं म्हणून नाही. शेजाऱ्यांच्या लाइनलाही एखादं भोक असेल तर तुमच्या पंपामुळे त्यांच्याकडेही घाण शिरते.

इतवारीत एका घरी अशी लाइन उकरली होती. वरून पाइप धडधाकट दिसत होता. मिस्त्रीने खालच्या बाजूने बोट फिरवलं तेव्हा गंजाचा एक फोड हाताला लागला, नखाने खरवडला तर सुईच्या नाकाएवढं भोक. तेवढ्यात नळ गेला. आम्ही त्या भोकावर नालीतल्या ओल्या चिखलाचं बोट धरलं, तर चिखल हळूहळू आत जाताना दिसला. घरातल्या आजी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एक शब्द न बोलता पंपाची पिन काढली.

खात्री करायची असेल तर क्लोरीन तपासा. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. त्याच्या तपासणीसाठी ओटी नावाचं थेंबांचं द्रावण मिळतं, क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होतं. त्याच वेळी शेजाऱ्यांचं पाणी पिवळं झालं आणि तुमचं पांढरंच राहिलं, तर तुमच्या पाण्यातलं क्लोरीन घाणीशी लढण्यातच संपलं आहे.

भोकाला रबराची पट्टी बांधून काम भागवू नका. एक फोड आहे तिथे दहा असतात. पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज करून मोठ्या लाइनपासूनच नवी जोडणी घ्या, रस्त्यातली लाइन स्वतः उकरू नका. आता या कामाला निळ्या रंगाचा एमडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) पाइप वापरतात. त्याला गंज नाही आणि मध्ये जोडही नको. नाली ओलांडायचीच असेल तर वरून न्या आणि त्या टप्प्यावर बाहेरून दुसरा मोठा पाइप चढवा. जुनी लाइन मुळापासून बंद झाली का, हे समोर उभं राहून बघा.

काम झालं की टाकी घासून धुवा. हजार लिटर पाण्याला २०० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकीत ओता, रात्रभर राहू द्या आणि सकाळी घरातला एकेक नळ उघडून ते सगळं सोडून द्या. ते पाणी प्यायचं नाही, झाडांनाही घालायचं नाही. वास जाईपर्यंत साध्या पाण्याने लाइन धुवा. फिल्टर त्यानंतर बदला, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

प्रश्न: धंतोलीत १९६८ साली बांधलेला बंगला आहे. वरच्या बाथरूममध्ये पाण्याला धारच नाही. प्रेशर पंप बसवायचं ठरतंय. चालेल का?

घाई करू नका. आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून खडे झटका. मग टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह बघा. जुन्या व्हॉल्व्हचं पातं दांड्यापासून तुटून खाली पडतं, वरचं चाक मात्र छान फिरत राहतं, म्हणून माणूस फसतो.

दोन्ही ठीक असेल तर दोष पाइपाचा. जीआय पाइपावरचा जस्ताचा थर कालांतराने संपतो आणि आत गंजाचे गोळे धरतात. अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली मी अनेकदा पाहिली आहे. पाइपाची आतली रुंदी निम्मी झाली की पाणी निम्मं होत नाही, साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं. अशा पाइपाला पंप लावला तर आधी धार येईल, मग एखाद्या रात्री भिंतीतला एल्बो, म्हणजे कोपऱ्याचा जोड, फुटेल.

जुनी लाइन भिंतीतच बंद करून सोडा आणि बाहेरच्या भिंतीवरून सीपीव्हीसीची (प्लास्टिकच्या पाइपाची) नवी लाइन घ्या. टाकीतून एक इंच उतरवा, बाथरूमपर्यंत पाऊण इंच ठेवा, अर्धा इंच फक्त नळाजवळ. सीपीव्हीसीला ऊन मानवत नाही, म्हणून वरून रंग हवा. आणि टाकीची उंचीही मोजा. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, हा साधा हिशोब. शॉवरच्या डोक्यापासून टाकीचा तळ चारच फूट वर असेल तर नव्या पाइपातूनही जोरदार धार मिळणार नाही. तेव्हा टाकी चौथऱ्यावर उचला, पण चौथरा भिंतीच्या डोक्यावरच घ्या, स्लॅबच्या मध्ये नको. हजार लिटर म्हणजे एक टन वजन.

प्रश्न: नळ थोडासा ठिबकतो आणि कमोडच्या टाकीतूनही पाणी झिरपतंय अशी शंका आहे. एवढ्यासाठी प्लंबर बोलवावा का?

जुन्या पितळी नळाचा वायसर घरीच बदलता येतो. आधी मुख्य कॉक बंद करा. नवा वायसर घालूनही ठिबकलं तर आतली बैठक झिजली आहे, मग नळच बदला. कमोडसाठी रात्री टाकीत कपड्यांची थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळा ओघळ उतरला तर टाकीतला रबर गेला आहे.

प्रश्न: हनुमाननगरात आमच्या मागच्या अंगणातलं चेंबर दर पावसाळ्यात तुंबतं. माणूस खपच्ची (बांबूची लांब पट्टी) घालून मोकळं करतो, महिन्याने पुन्हा तेच. बाजूला मोठं उंबराचं झाड आहे. झाड तोडावं लागेल का? ॲसिड टाकलं तर?

झाड तोडू नका. दोष झाडाचा नाही, पाइपाच्या जोडांचा आहे. जुन्या घरांत गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, चिनीमातीच्या पाइपांची असते, दोन-दोन फुटांचा एक तुकडा आणि प्रत्येक जोडावर सिमेंट. ते सिमेंट तडकलं की तिथून ओल बाहेर येते. उंबर, पिंपळ, वड यांची मुळं ओलीच्या मागावर असतात. केसाएवढं मूळ आत जातं आणि आत गेल्यावर त्याचा झुपका होतो. खपच्चीने झुपक्यात वाट पडते, झुपका निघत नाही.

झाडाजवळचे तुकडे काढून तिथे चार इंची पीव्हीसी सलग घाला, रबर रिंगचे किंवा सोल्युशनचे पक्के जोड करून. उतार ४० फुटांना एक फूट धरा. उतार कमी पडला तर मळ बसतो, हे सगळ्यांना कळतं. फार तीव्र झाला तरी पाणी पुढे पळतं आणि घट्ट मळ मागे राहतो, हे पुष्कळ मिस्त्री विसरतात.

ॲसिड अजिबात नको. ते सिमेंटचे जोड खातं, बिडाचा पाइप खातं आणि पुढच्या वेळी चेंबरमध्ये हात घालणाऱ्याचा हात भाजतं. त्या माणसाला चेंबरच्या आत उतरायला तर कधीच सांगू नका. आतला वायू क्षणात जीव घेतो.

एक अजून तपासा. तुंबणं पावसाळ्यातच होतं, म्हणजे गच्चीच्या पाण्याचा पाइप कोणीतरी याच चेंबरला जोडलेला असण्याची शक्यता मोठी. तो काढून अंगणात शोषखड्ड्याकडे वळवा. अर्धं दुखणं तिथेच संपेल.

प्रश्न: सुट्टीत पंधरा दिवस गावी गेलो होतो. परत आलो तर बाथरूममधून गडरचा वास. लाइन फुटली का?

नाही. मोरीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम साचून असतं आणि तेच खालचा वायू अडवतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद घरात ते सुकून जातं. तांब्याभर पाणी ओता, वास जाईल. पुढच्या वेळी जाताना पाण्यावर चमचाभर खाण्याचं तेल सोडा, पाणी सुकणार नाही.

प्रश्न: लक्ष्मीनगरात घर आहे. गच्चीवरचा पांढरा पीव्हीसी पाइप दर मे महिन्यात एल्बोपाशी तडकतो. तीन वेळा बदलला.

तडकतो एल्बो, पण कारण सरळ पाइपात आहे. पीव्हीसी उन्हात लांब होतो. दहा मीटर लाइन, जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत पाइपाच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक धरा, तर पाइप इंचाहून थोडा जास्त वाढतो. दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळून टाकले असतील तर तो इंच जाणार कुठे? सगळा जोर कोपऱ्यावर येतो. शिवाय साधा पीव्हीसी ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो आणि आपल्याकडे मेमध्ये सावलीतली हवाच तिथे पोचते.

क्लॅम्प सैल ठेवा, पाइप त्यातून सरकला पाहिजे. लांब लाइनमध्ये एक चौकोनी वळण द्या, वाढलेली लांबी तिथे जिरते. पाइप गच्चीच्या तापलेल्या फरशीवर न टेकवता विटेवर उचला आणि पांढरा रंग द्या. शक्य असेल तर लाइन पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सावलीतून फिरवा. कूलरसाठी याच लाइनवर जोड काढला असेल तर त्याला स्वतंत्र कॉक हवा, नाहीतर कूलरचा फ्लोट अडकला की रात्रभर टाकी रिकामी होते.

प्रश्न: हॉलच्या भिंतीला ओल आहे. दोन प्लंबरनी दोन वेगवेगळ्या जागा फोडायला सांगितल्या. कुणाचं ऐकू?

आधी कुणाचंच नाही. भिंत फोडण्याआधी दोन-तीन रात्री द्या. पहिल्या रात्री टाकी भरल्यावर टाकीखालचा व्हॉल्व्ह आणि घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी पुन्हा वाचा. आकडा सरकला तर मीटर ते टाकी या लाइनमध्ये गळती आहे किंवा टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता नळ) गळतो आहे. दुसऱ्या रात्री मुख्य कॉक आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खूण करा. खूण खाली गेली तर टाकी किंवा व्हॉल्व्हच गळतो. खूण तशीच राहिली तर व्हॉल्व्ह उघडून, मुख्य कॉक आणि नळ बंद ठेवून आणखी एक रात्र बघा. आता पातळी उतरली तर टाकीतून खाली येणारी लाइन दोषी. कशातच काही निघालं नाही तर ओल सांडपाण्याच्या पाइपाची किंवा गच्चीची आहे. अंघोळीनंतर ओल वाढते की पावसानंतर, एवढं टिपून ठेवा.

मग फोडायची तेवढीच भिंत फोडा. काम झालं की प्लास्टर करण्याआधी पाइपाशेजारी मोजपट्टी धरून, दरवाजाची चौकट दिसेल असा मोबाइलवर फोटो काढा. त्याची छापील प्रत मीटरच्या पेटीत आतून चिकटवा.