कळ आली की कुठे दाबायचं?

आठवा महिना संपत आला होता तेव्हा ती गर्भवती नवऱ्याबरोबर माझ्याकडे आली. बसल्या बसल्या तिने उजव्या हाताने डावा पंजा धरला आणि अंगठा व तर्जनीच्या मधला मांसल भाग दाबायला लागली. मी विचारलं तेव्हा कळलं, गेले काही दिवस रोज रात्री हा सराव चालला होता. "मॅडम, ॲक्युप्रेशरने बाळंतपणातलं दुखणं थांबतं ना? मला इंजेक्शन नकोय."

आधी तो सराव थांबवला. हातावरचा हा बिंदू आणि घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटं वरचा बिंदू, हे दोन्ही सदतिसावा आठवडा पूर्ण होईपर्यंत दाबू नयेत असं सांगितलं जातं. त्यांनी कळा सुरू होतात याचा पक्का पुरावा नाही. पण बत्तिसाव्या आठवड्यात ते आजमावून पाहण्यात काय हशील?

मग तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं: थांबत नाही. काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं फारसं होत नाही. प्रसूतीतल्या ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशरवरचे 28 अभ्यास, वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात एकत्र तपासले गेले. ॲक्युप्रेशरने वेदनेची तीव्रता कमी होत असावी, असं त्यातून दिसलं. मात्र पुरावा फार भक्कम नव्हता. हे का होत असावं, याचं एक स्पष्टीकरण मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात सापडतं. दाबाची संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवते. कोपर आपटलं की आपण नकळत चोळतो, तसंच हे.

पण इंजेक्शन का नको, हे अजून कळलं नव्हतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मैत्रिणीने एपिड्युरल, म्हणजे ते पाठीतलं भुलीचं इंजेक्शन घेतलं, तर सगळे म्हणाले, हिला सोसवलं नाही." म्हणजे कळांपेक्षाही तिला त्या वाक्याची धास्ती होती. ही धास्ती मी इतक्या जणींच्या डोळ्यांत पाहिली आहे की आता मला त्या धास्तीचाच राग येतो. दात काढताना भूल घेतली म्हणून कुणी कुणाला नाव ठेवत नाही. मग इथेच का? तिला म्हटलं, "दाबून बघा, उपयोग होईल तितका करून घ्या. नाही सोसवलं तर मागा. ते आत्ताच ठरवून ठेवू."

उरलेला वेळ मी नवऱ्याला शिकवलं. नितंबांच्या फटीच्या वरच्या टोकापासून साधारण तर्जनीच्या लांबीइतकं वर जायचं, मणक्यापासून दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढं अंतर सोडायचं. तिने पुढे वाकून टेबलावर हात टेकायचे, त्याने दोन्ही अंगठे नाहीतर तळहातांचा खालचा भाग तिथे रोवायचा. कळ चढायला लागली की दाब सुरू, उतरली की सैल. साधारण मिनिटभराचं काम. जोर हाताच्या स्नायूंनी लावायचा नाही, अंगाचा भार द्यायचा, नाहीतर तासाभरात हात गळून जातात. किती जोर, हे तीच सांगणार. घोट्याजवळ शिरा फुगल्या असतील किंवा कातडी दुखावलेली असेल, तर तिथे हात लावायचा नाही. आणि रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल मंदावली, पाणी हिरवट गेलं किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर दाबादाबी बाजूला ठेवून थेट दवाखाना.

बाळ दीड महिन्याचं झाल्यावर ती भेटली. हाताचा बिंदू तिला कळांच्या वेळी मुळीच नकोसा झाला होता. नवऱ्याचा हात झटकून टाकला म्हणे. कंबरेवरचा दाब मात्र तिने कितीतरी तास सोडू दिला नाही. "त्याने हात काढला की कळ दुप्पट वाटायची." पहाटे अंगातलं त्राण गेलं, तेव्हा तिने स्वतःच एपिड्युरल मागितलं. पाठीत सुई घालताना हलायचं नसतं. नर्सने नवऱ्याला समोर स्टुलावर बसवलं, तिने कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं आणि कळ आली तेव्हा त्याचा पंजा घट्ट आवळून धरला.

"त्या वेळी बिंदूबिंदू काही शोधला नाही हं, मॅडम," तो म्हणाला.