बेंचवाल्यांना सोडण्याआधी हे वाच

तुझी पोस्ट सकाळी लोकलमध्ये वाचली आणि ठाणे कधी आलं कळलंच नाही. वीस जणांची फँटसी बास्केटबॉल लीग, खऱ्या एनबीएचे कॅपचे, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेचे नियम, दोन सीझन दुसऱ्या राउंडला बाहेर, आता फक्त एक मोठा फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला प्लेयर) आला की झालं, पण कॅपमध्ये जागा थोडी कमी पडतेय म्हणून बेंचवरच्या दोघांना रिनाउन्स करू का, म्हणजे त्यांच्यावरचा हक्क सोडू का, असं तू विचारलंयस. अरे, २०१८ च्या जूनमध्ये मी डिट्टो याच जागी बसलो होतो, फक्त विचारायला कोणी नव्हतं. वयाने मोठा असेन असं धरून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी काही एक्स्पर्ट नाही, बँकेत नोकरी करतो आणि दहा-अकरा वर्षं हा उद्योग करतोय, एवढंच. तुमच्या लीगचे नियम वेगळे असले तर माझं सगळं सोडून दे. बेसिक फार सांगत बसत नाही, होल्ड (करार संपलेल्या आपल्या माणसाच्या नावाने तोवर कॅपवर धरलेली रक्कम), बर्ड राइट्स (आपलाच माणूस कॅपच्या वर जाऊन ठेवायचा हक्क), मिड-लेव्हल (कॅपच्या वर असतानाही बाहेरचा माणूस घ्यायला मिळणारी ठरलेली मधली रक्कम) तुला येतं हे पोस्टवरून दिसतंय.

तर २०१८. मला पॉल जॉर्ज हवा होता. कॅप १०१.८७ मिलियन, त्याचा मॅक्स (एकाला देता येणारा जास्तीत जास्त पगार) कॅपच्या ३० टक्के म्हणजे साडेतीस मिलियनच्या जरा वर, आणि मला कमी पडत होते सात लाख डॉलर. फक्त सात लाख! माझ्या बेंचवर फ्रेड व्हॅनव्हलीट होता. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या प्लेयरच्या वार्षिक निवडीत) त्याला कोणी घेतलं नव्हतं, मी फुकटात उचलला होता, त्याचा होल्ड पावणेदोन मिलियनच्या आसपास. मी म्हटलं याला सोडू, सुटलो. आता गंमत बघ, रोस्टर, म्हणजे टीममधली माणसं, बाराच्या खाली गेली की प्रत्येक रिकाम्या जागेचा रुकी मिनिमम (नवख्याचा किमान पगार) कॅपवर चढतो, त्या वर्षी तो ८ लाख ३८ हजार होता. म्हणजे व्हॅनव्हलीटला घालवून माझे वाचले जेमतेम नऊ लाख. नऊ लाखांसाठी पोरगा घालवला. आणि त्याच वेळी माझ्याकडे दोन मिलियनचा एक तिसऱ्या फळीतला सेंटर पडून होता, एक सेकंड राउंड पिक (ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतला निवडीचा हक्क) जोडून तो कोणाच्याही गळ्यात मारता आला असता. सुचलंच नाही. डोक्यात फक्त पॉल जॉर्ज.

आता यात लीगच्या कमिटीचा वाटा. आमच्याकडे बंद पाकिटाने बोली लागते आणि पहिल्या फेरीत सगळ्या पाकिटांची बेरीज तुमच्या मोकळ्या जागेच्या वर जाऊन चालत नाही. मी दोन आठवडे आधी मेल टाकला की दोघांनी मॅक्स लावला तर माणूस कोणाला जाणार. नऊ दिवसांनी उत्तर आलं, 'नियमावली पाहावी.' नियमावलीत नेमकी तीच ओळ नाही! परत मेल, परत उत्तर, 'विषय विचाराधीन आहे.' रिनाउन्स करायची शेवटची तारीख ३० जून, आणि यांचा विचार काही संपेना. १ जुलैला रविवार होता, सकाळी साडेनऊला पाकिटं उघडली (तिकडची मध्यरात्र), पोहे समोर तसेच, आणि स्क्रीनवर ओळ आली की बोली सारखी असल्यास आधीच्या टीमला प्राधान्य. हा नियम वाईट नाही, खऱ्या जगातही पॉल जॉर्ज त्याच्या आधीच्या टीममध्ये, ओक्लाहोमातच राहिला. पण दोन आठवडे आधी सांगितला असता तर काय बिघडलं असतं? कमिटीतल्या तिघांपैकी एक जण त्याच आधीच्या टीमचा मालक होता, असो, इतकी वर्षं झाली, मी ते कधीच विसरलोय.

माझी सगळी जागा एका पाकिटात अडकली होती त्यामुळे दुसरं पाकीट भरता आलं नव्हतं, व्हॅनव्हलीट त्याच फेरीत गेला, चांगले बाकीचेही गेले, आणि तीस मिलियन घेऊन मी दुसऱ्या फेरीत उरलासुरला माल बघत बसलो. बाजार उठल्यावर पिशवी घेऊन गेल्यासारखं.

कॅप स्पेस म्हणजे प्लेयर नव्हे रे. ती मोकळी जागा आहे, तिथे कोणी येईलच असं नाही. आणि बर्ड राइट्सचं दुखणं असं की कॅपच्या वर असताना तुमचा माणूस तुम्ही ठेवू शकता, पण तो गेला तर तेवढ्याच पैशाचा दुसरा आणता येत नाही. पैसे खिशात राहतात आणि खर्च करायला बंदी.

डॅलसचं बघ. २०११ ला चॅम्पियन झाले, मायामीला ४-२ हरवलं, टायसन चँडलर मधोमध भिंतीसारखा उभा. आणि लगेच त्याला जाऊ दिला, कारण २०१२ साठी जागा मोकळी ठेवायची होती, डेरॉन विल्यम्स हवा होता. चँडलर न्यूयॉर्कला गेला आणि पहिल्याच वर्षी डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम बचावपटू). डेरॉन नेट्समध्येच राहिला. बरं, शिकले का? २०१४ ला चँडलरला परत आणलं, २०१५ ला डीआंद्रे जॉर्डन हवा म्हणून परत सोडला, जॉर्डन येतो म्हणाला आणि त्याने सही करायच्या आधी शब्द फिरवला, त्याच्या जुन्या टीमची, क्लिपर्सची मंडळी त्याच्या घरी जाऊन ठाण मांडून बसली. एकाच माणसाला एकाच कारणासाठी दोनदा सोडलं! २०११ नंतर त्यांचा स्टार डर्क नोविट्झ्की रिटायर होईपर्यंत एकही प्लेऑफ सिरीज जिंकली नाही. वर २०२२ मध्ये ब्रन्सनचं झालं. त्याला आधी साधारण ५५ मिलियनमध्ये चार वर्षं बांधता येत होतं, उशीर केला, तो १०४ मिलियनवर न्यूयॉर्कला, आणि डॅलसच्या हातात काहीच नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं कशाला म्हणतात ते या एका टीमवरून शिकावं.

उलटं उदाहरण सान अँटोनियो, २०१५. कवाय लेनर्डचा होल्ड सव्वासात मिलियनच्या आत, मॅक्स १६ च्या वर. त्यांनी त्याला आधी सही करूच दिली नाही, होल्ड तसाच ठेवला, टियागो स्प्लिटरला अटलांटाला पाठवून जागा केली, ऑल्ड्रिज घेतला, आणि मग कवायचा मॅक्स. म्हणजे नवा माणूस कॅपच्या आत, घरचा कॅपच्या वरून. तुझ्या पोस्टमध्ये तू हे बरोबर उलट्या क्रमाने लिहिलंयस, आधी सोडणार आणि मग बघणार. क्रम बदल! आधी करारावरचा माल कुठे खपतो ते बघ, होल्डला सगळ्यात शेवटी हात लाव, आणि तोही मोठ्याचा होकार आल्यावर.

आता प्रामाणिकपणे हेही सांगतो, क्रम बरोबर असूनही फजिती होते. फिलाडेल्फियाने २०२४ ला अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखं केलं, मॅक्सीचा १३ मिलियनचा होल्ड ठेवला, जागेत मोठा माणूस घेतला, मग मॅक्सीला २०४ मिलियन. तो मोठा माणूस कोण? पॉल जॉर्ज. चार वर्षं, २१२ मिलियन. पुढचा सीझन २४-५८, म्हणजे २४ जिंकल्या, ५८ हरल्या. मी त्या वर्षी जरा जास्तच हसलो हे मान्य.

ट्रेडबद्दल तू एका ओळीत विचारलंयस की दोन-तीन मधले करार एकत्र करून एक स्टार घेऊ का. घे, पण तुमच्या लीगमध्ये सेकंड एप्रन (एकूण पगाराची कॅपच्या बरीच वरची रेष) आहे का ते आधी बघ. खऱ्या एनबीएत २०२५-२६ ला ती रेष २०७.८ मिलियनवर होती आणि तिच्या वर गेलं की दोघांचे पगार जोडून एक माणूस आणताच येत नाही. मधल्या पगाराचे, दहा ते वीस मिलियनवाले प्लेयर म्हणजे सुट्टे पैसे रे, ते असले की कुठलाही हिशोब जुळतो. फिनिक्सने ड्युरँटसाठी ब्रिजेस, जॉन्सन, क्राउडर आणि चार पहिल्या राउंडचे पिक दिले, मग बीलसाठी ख्रिस पॉल दिला, बीलच्या करारात नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे तो म्हणेल तिथेच जाणार. घरचा बुकर धरून तीन मोठ्या नोटा आणि खिशात चिल्लर नाही. ४९-३३ करून मिनेसोटाकडून ४-० ने धुतले गेले, पुढच्या वर्षी ३६-४६. एका ट्रेडला नावं ठेवता येतील, पण खरी गोची अशी की चूक कळल्यावर दुरुस्त करायला हत्यारच उरलं नव्हतं.

माझी आवडती टीम विचारशील तर २००४ ची डेट्रॉइट. ग्रँट हिल निघालाच होता तर सुक्या हाताने जाऊ दिला नाही, साइन-अँड-ट्रेडमध्ये, म्हणजे त्याची सही घेऊन लगेच दुसरीकडे देताना, बदल्यात बेन वॉलेस घेतला. बिलप्स फ्री एजन्सीत मिड-लेव्हलवर, हॅमिल्टन स्टॅकहाउसच्या बदल्यात, आणि फेब्रुवारीत रशीद वॉलेस, जो अटलांटासाठी एकच मॅच खेळून इकडे आला. मॅक्सवाला सुपरस्टार कोणी नाही, लेकर्सना ४-१. हल्लीची पोरं म्हणतात ते आता जमणार नाही. मला वाटतं उलट आताच जास्त जमेल, कारण फ्री एजन्सीचा बाजारच आटलाय, चांगले लोक आधीच एक्स्टेन्शन (करार संपायच्या आतच वाढ) घेतात, २०२५ ला मोठी जागा होती ती जवळपास एकट्या ब्रुकलिनकडे. ओक्लाहोमानेही हार्टेनस्टाइन जागेत घेतला आणि करुसो गिडीच्या बदल्यात, म्हणजे पाया स्वतःचा आणि वर दोन नेमके तुकडे. पण हे माझं मत, इथे यावर भांडणं झालीयेत, परत नको.

किरकोळ दोन गोष्टी. एक्सेलमध्ये होल्डचा कॉलम पगारापासून वेगळा ठेव आणि रिकाम्या जागांची ओळ विसरू नकोस. आणि तुमची ट्रेड डेडलाइन खऱ्यासारखी दुपारी तीन ईस्टर्न असेल तर ती आपली रात्री दीड, शुक्रवार लागलेला असतो, गुरुवारचा गजर लावलास की चुकलास. एकदा मी अंधारात फोन घेऊन बसलेलो, आई उठून आली, दारात उभी राहून म्हणाली, कोण गेलं? काय सांगणार तिला.

कमिटीला जे विचारायचं ते आत्ता विचार, लेखी विचार, आणि उत्तर आलं नाही तर नियम तुझ्या विरुद्ध आहे असं धरूनच हिशोब कर. दोघांचे होल्ड आणि रोस्टरवर किती जण आहेत ते खाली टाक, मी रात्री बघतो. आकडे न बघता एवढंच सांगेन की त्यातल्या तरुणाला हात लावू नकोस.

व्हॅनव्हलीटचं पुढे काय झालं तुला माहीत असेलच. २०१९ ची फायनल, गेम सहा, आपल्याकडे १४ जूनची सकाळ, साडेसहाला सुरू. २२ पॉइंट, त्यातले १२ चौथ्या क्वार्टरमध्ये, टोरोंटो चॅम्पियन. मी चहा घेऊन बघत होतो, ऑफिसला उशीर झाला. आमच्या लीगमध्ये ज्याने त्याला उचललं तो नाशिकचा आहे, चांगला माणूस आहे, दर वर्षी १४ जूनला बरोब्बर साडेसहाला मला गुड मॉर्निंग पाठवतो. यंदाही आला.