नव्या पिकअपचं ॲव्हरेज

भाऊ, नव्या पिकअपच्या ॲव्हरेजची पहिल्या महिन्यात चिंता करू नको. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसायला वेळ लागतो, तोवर इंजिन जड चालतं आणि डिझेल जास्त खातं. पहिले 1000 किलोमीटर तरी पूर्ण लोड भरू नको. समृद्धीवर एकाच स्पीडला तासन्‌तास दामटू नको, स्पीड कमी-जास्त होत राहू दे. वरच्या गिअरमध्ये इंजिन धडधडायला लागलं, तर लगेच एक गिअर खाली घे. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीच खरी धर.

पुढचं बरंचसं तुझ्या पायावर आहे. नागपूरच्या कळमना बाजारातून संत्री भरून निघालास आणि पुढचा सिग्नल लाल दिसला, की एक्सलेटर सोड, पण गाडी गिअरमध्येच राहू दे. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनात, अशा वेळी डिझेलचा फवारा बंद होतो. न्यूट्रल केलीस, तर इंजिन चालू ठेवायला डिझेल जातंच, शिवाय सगळा ताण ब्रेकवर. बहुतेक पोरं नेमकं उलटं करतात, म्हणून एवढं सांगतोय. स्पीड वाढला की हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो; वर ताडपत्री फडफडत असेल तर विचारूच नको, दोरी कसून बांध.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असतानाच बघ. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरात प्रेशर जास्तच दिसणार, ते पाहून हवा काढू नको. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच मोज, आणि लोड किती होता तेही वहीत लिही.