अटलांटिक, दोन लहान मुलं आणि ‘तिसरं माणूस’

अटलांटिक ओलांडायला दोघं मोठी माणसं पुरतील का, हा तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. तुम्ही दोघं, ३ आणि ६ वर्षांची मुलं, ३८ फुटी शिडाची बोट, नोव्हेंबरअखेर कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाकडे निघायचं, आणि विमावाले फोनवर ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ म्हणतायत. आमचं अगदी हेच होतं, मुलं काय ती वर्षभराने मोठी. म्हणून जरा लांबलचक लिहितेय. मार्ग, व्यापारी वारे, कॅरिबियनमधला वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

दोघं पुरतील का? बोट चालवायला पुरतात. सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलटच सांभाळतो, वारा पाठीमागून असतो, शिडांना दिवसेंदिवस हात लावावा लागत नाही. प्रश्न झोपेचा आहे. साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे तुमच्या आकाराच्या बोटीला अठरा ते एकवीस दिवस धरा. मूलबाळ नसलेलं जोडपं रात्री तीन-तीन तासांचा पहारा करतं आणि राहिलेली झोप दिवसा भरून काढतं. तुम्हाला ती दिवसाची झोप मिळणार नाही. पहाट झाली की मुलं उठणार, आणि रात्रभर जागलेल्याला ‘आई, भूक’ ऐकू येणार. एकजण बोटीकडे, एकजण मुलांकडे, की संपलं मनुष्यबळ. म्हणजे कागदावर दोघं असलात तरी प्रत्यक्षात बोट एकट्यानेच चालवताय, आणि तीही आळीपाळीने. चौथ्या-पाचव्या दिवशी हे जाणवायला लागतं. माझं मत स्पष्ट आहे: पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर तिसरं मोठं माणूस हवंच. काही कुटुंबं दोघांवर निभावतात, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण तो सल्ला मी कुणाला देणार नाही.

आता विमा. मी यातली तज्ज्ञ नाही आणि प्रत्येक पॉलिसी वेगळी असते, हे आधीच सांगते. आम्ही उन्हाळ्यातच लेखी विचारलं होतं, ‘दोन प्रौढ आणि दोन मुलं, अटलांटिक ओलांडणं चालेल का?’ उत्तरादाखल संदर्भ क्रमांक आला. मग फॉर्म आला. मग दुसऱ्या विभागाचा वेगळा फॉर्म, त्यात बोटीवरच्या प्रत्येकासमोर ‘समुद्रातला अनुभव (वर्षे)’ असा रकाना. नवऱ्याने वैतागून धाकट्यापुढे ‘४’ लिहिलं, म्हणजे त्याचं वय, कारण जन्मल्यापासून तो बोटीवरच होता. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. आम्हाला वाटलं, वाचून मान्य केलं. वाचलंच नव्हतं.

दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि प्रत्येकाचं ठरलेलं वाक्य, ‘फाइल वर गेली आहे.’ फाइल किती वर जाते देव जाणे. आम्ही कॅनरी बेटांवर पोचलो, डबे-पिंपं भरली, डोलकाठीवर चढून सगळं तपासून झालं, बरोबरच्या बोटी एकेक करून सुटायला लागल्या, आणि तेव्हा दीड ओळीचं पत्र आलं: महासागर ओलांडताना किमान तीन अनुभवी प्रौढ बोटीवर हवेत, मुलं धरली जाणार नाहीत, आणि रिगिंग (डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा आणि दोर) दहा वर्षांपेक्षा जुनं असल्यास तपासनिसाचा अहवाल जोडावा. अटीत चूक काहीच नाही, किंबहुना वर मी तेच म्हणतेय. संताप याचा की हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. बऱ्याच कंपन्यांच्या छापील अटीच असतात या. तेवढं वाचून दाखवायला त्यांना पूर्ण उन्हाळा लागला.

त्याची किंमत आम्ही पुढचे तीन आठवडे मोजली. तपासनिसाची वेळ मिळेना. वाऱ्याची चांगली संधी गेली. आणि तिसरं माणूस धक्क्यावरूनच घाईघाईत शोधावं लागलं. तिथे नोटीस बोर्डावर ‘बोटीवर जागा हवी’ म्हणणारे पुष्कळ असतात. आम्हाला मिळाला तो खलाशी म्हणून उत्तम होता. रात्री वादळी पाऊस चालून आला तर शिडाला रीफ घेताना, म्हणजे शीड गुंडाळून लहान करताना, आम्हाला उठवायचासुद्धा नाही. पण तो साहसासाठी आला होता, दुसऱ्याची मुलं सांभाळायला नव्हे, आणि त्याने तसं कधी कबूलही केलं नव्हतं. त्याची झोप मोडू नये म्हणून दिवसभर आम्ही मुलांना गप्प बसवत होतो. पहाऱ्याचा भार हलका झाला, पण ज्यासाठी माणूस घेतलं ती दिवसाची झोप काही मिळाली नाही. त्याला मी दोष देत नाही. एवढ्या घाईत कुणीही हेच निवडलं असतं.

तुम्ही जूनमध्ये विचारताय, हातात वेळ आहे. तेव्हा विमावाल्यांना फोन करू नका, ईमेल करा, आणि ‘चालेल का?’ असं मोघम विचारू नका. किमान किती प्रौढ लागतील? अनुभव म्हणजे नेमकं काय धरता? वाटेत एक मोठं माणूस आजारी पडून पहाऱ्यातून बाद झालं तर संरक्षण चालू राहतं का? वादळांच्या हंगामामुळे कुठल्या तारखेआधी कुठल्या अक्षांशाच्या पट्ट्यात शिरायचं नाही? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि लहान मुलांच्या कुटुंबाला तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर दुसरी कंपनी बघा, हे आपलं माझं मत.

तिसरं माणूस नात्यातलं किंवा जुन्या ओळखीचं मिळालं तर सोनं. मावशी, काका, कॉलेजचा मित्र, कुणीही, फक्त विमावाल्यांच्या ‘अनुभव’ या अटीत बसायला हवं. मुलं त्याच्याकडे दोन तास आनंदाने राहतात का, हे आधी जमिनीवरच बघा आणि मग तीन-चार दिवसांची सफर करा. परतीचं विमानाचं तिकीट त्याच्या हातात असू द्या. बोटीने आलेल्या खलाशाला परत धाडायची जबाबदारी अनेक बेटांवर कप्तानावर टाकतात, आणि बंदरातले अधिकारी तिकीट मागू शकतात.

तुम्ही बोट लागण्याबद्दलही विचारलंय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं नाव सांगणार नाही. बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या, आणि तो पहिला डोस समुद्रात देऊ नका. यातली काही औषधं एखाद्या मुलाला झोप आणण्याऐवजी उलट चेकाळून सोडतात. तसलं मूल घेऊन पहिली रात्र काढायची नसेल तर घरीच एकदा देऊन पाहा, तेही डॉक्टरांना विचारून. उलट्या झाल्या की लहान मुलांच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, ओआरएस भरपूर घ्या आणि चमच्याचमच्याने पाजत राहा.

फुगणारी लाइफ जॅकेटं ३ वर्षांच्या मुलाला नकोत. फोमचं, कॉलरवालं आणि पायांमधून पट्टा जाणारं घ्या. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि मूल खाली घसरतं. डेकवर पाय ठेवण्याआधी टेदर (बोटीला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा) अडकवायचा, हा नियम बंदरातही पाळा, म्हणजे समुद्रात हुज्जत होत नाही. आणि सगळे समुद्रात पडण्याची भीती बाळगतात, पण मला धास्ती उकळत्या पाण्याची असते. गॅस पेटला की मुलं स्वयंपाकाच्या कोपऱ्यापासून लांब, आणि शिजवणाऱ्याने उकाडा असला तरी जाड वॉटरप्रूफ पँट घालायचीच.

ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत बोटीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र) नोंदवला असेलच, पण त्या नोंदीत बोटीवर किती माणसं आणि त्यात लहान मुलं किती, हे निघण्याआधी ताजं करा. शोधणाऱ्यांना ते कळायला हवं.

राहिला मुलांच्या कंटाळ्याचा प्रश्न. त्याची चिंता करू नका, मोठी माणसं आधी कंटाळतात. झोपेच्या वेळेकडे मात्र लक्ष द्या. पश्चिमेला दर १५ रेखांशांना घड्याळ एक तास मागे जातं. तुम्ही ते मागे केलं नाहीत तर सूर्य रोज थोडा उशिरा मावळतो आणि मुलं उजेडात झोपायला तयार होत नाहीत. आम्ही एकदम तास न बदलता दर दोन दिवसांनी वीस-वीस मिनिटं सरकवत गेलो, ते बरं पडलं.

विमावाल्यांचं लेखी उत्तर आलं की त्यातलं खलाशांच्या संख्येचं कलम नावं झाकून इथे टाका. आमच्या पत्रातली दीड ओळ माझ्याकडे अजून आहे, ताडून बघू.